व्हेनिसमधलं जपानचं घर: पाटी राहू द्या, पासपोर्ट विचारू नका

दर दोन वर्षांनी भरणाऱ्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कला-प्रदर्शनासाठी व्हेनिसच्या जियार्दिनी बागेत जपानचं जे दालन आहे, त्याच्या जमिनीला मधोमध एक भोक आहे. नेमकं त्याच्या वर छतालाही उघडीप ठेवलेली आहे. वास्तुकार ताकामासा योशिझाका यांनी 1956 मध्ये हे दालन बांधलं. त्याआधी दोन वर्षं ते पॅरिसला विख्यात वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यशाळेत काम करून आले होते. खांबांवर इमारत उचलायची आणि खालची जमीन मोकळी सोडायची, ही रीत त्यांनी तिथूनच उचलली. वर साधारण 16 मीटर लांबी-रुंदीचं एकच चौरस सभागृह आहे, त्यात भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या चार भिंती उभ्या आहेत आणि मध्ये ते भोक. पैसे दिले ब्रिजस्टोन टायर कंपनीचे संस्थापक शोजिरो इशिबाशी यांनी. जपानने व्हेनिस बिएनालेत पहिल्यांदा अधिकृत भाग घेतला तो 1952 मध्ये, म्हणजे चार वर्षांत त्याला तिथे स्वतःचं छप्पर मिळालं.

या दालनात काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी भोकाचं काय करायचं ते ठरवावं लागतं. झाकलं तर साधी चौरस खोली मिळते, पण मग योशिझाकांची इमारत मुकी होते. उघडं ठेवलं तर वारा, ऊन, धूळ आणि बागेतला आवाज आत येतो, शिवाय प्रेक्षक पडू नये म्हणून कठडा बांधावा लागतो. अनेकांनी ते झाकलं. ज्यांनी झाकलं नाही, त्यांची प्रदर्शनं आजही आठवतात. 2011 मध्ये कलावंत ताबाइमो यांनी त्याची विहीर केली. विहिरीतल्या बेडकाला समुद्र ठाऊक नसतो, या जपानी म्हणीवर त्यांचं काम उभं होतं. आपल्याकडचा कूपमंडूक तो हाच. पण या म्हणीला जपानीत पुढे एक शेपूटही जोडतात: त्या बेडकाला आकाशाची उंची मात्र कळते. 2017 मध्ये ताकाहिरो इवासाकी यांनी खालच्या मोकळ्या जागेतून पायऱ्या चढवून प्रेक्षकाचं डोकं त्या भोकातून वर काढलं. आत आधीपासून उभ्या असलेल्या लोकांना जमिनीतून उगवलेलं एक मुंडकं दिसायचं आणि त्या मुंडक्याला समुद्रसपाटीवरून पाहिल्यासारखं शिल्प. 2019 च्या जपानी गटाने मध्यभागी मोठा फुगा ठेवला. लोक त्यावर बसले की आतली हवा नळ्यांमधून बासऱ्यांकडे जायची.

या भोकापासून सुरुवात करण्याला कारण आहे. कला-प्रदर्शनात देशांची दालनं असावीत का, हा प्रश्न दर दोन वर्षांनी निघतो आणि दर वेळी तो झेंडा, अस्मिता, जागतिकीकरण अशा मोठ्या शब्दांत हरवून जातो. आमचं म्हणणं असं: राष्ट्रीय दालन टिकवण्यासारखं आहे, पण राष्ट्रासाठी नव्हे. सत्तर वर्षं एकाच खोलीशी, एकाच भोकाशी, एकाच गळतीशी झुंजताना एका कलाव्यवहाराकडे जे शहाणपण साठतं, त्यासाठी ते टिकवायचं. त्या शहाणपणाचा फायदा कुणाला मिळावा, हे मात्र पासपोर्ट पाहून ठरवू नये.

दालनांच्या विरोधातला युक्तिवाद कच्चा नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. बिएनाले 1895 मध्ये सुरू झाली. पहिलं परदेशी दालन 1907 मध्ये बेल्जियमने उभारलं. पाठोपाठ हंगेरी, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आले. जियार्दिनीचा नकाशा समोर धरला तर पहिल्या महायुद्धापूर्वी कोणाची ऐपत आणि कोणाचा दरारा होता, ते कळतं. आफ्रिका खंडातून तिथे एकटा इजिप्त आहे. 1995 मध्ये दक्षिण कोरियाला जागा मिळाली आणि बाग भरली असं सगळ्यांनी धरलं. त्यानंतर थेट 2025 मध्ये कतारच्या दालनाची घोषणा झाली. 2024 मध्ये 80 हून जास्त देश सहभागी होते आणि बागेतली दालनं तीसच्या आसपास. बाकीच्यांना आर्सेनाले या जुन्या गोदी-कारखान्यात जागा घ्यावी लागते किंवा शहरात एखादा वाडा, चर्च, गोदाम सहा-सात महिन्यांसाठी भाड्याने शोधावं लागतं. ही विषमता खरी आहे आणि जपान तिच्या लाभार्थ्यांपैकी आहे.

पण यावर दालनं मोडून टाका, हा उपाय सुचवणाऱ्यांनी मोडल्यावर काय उरेल तेही पाहावं. उरेल एका मुख्य क्युरेटरने, म्हणजे कामं निवडून प्रदर्शन रचणाऱ्या व्यक्तीने, निवडलेलं एकच महाप्रदर्शन. त्या एका व्यक्तीच्या नजरेत आणि तिला माहीत असलेल्या गॅलऱ्यांच्या जाळ्यात जे येतील, तेच दिसतील. दालनांमुळे निदान ऐंशी वेगवेगळ्या ठिकाणी ऐंशी वेगवेगळे लोक निर्णय घेतात. त्यातले कित्येक निर्णय वाईट असतात. तरीही ते एका हातात नसतात, हे मोलाचं आहे.

आता घर असण्याने नेमकं काय मिळतं, ते पाहू. हा भाग चर्चेत नेहमी सुटतो.

व्हेनिसमध्ये ट्रक फिरत नाहीत. मुख्य भूमीवरून आलेली खोकी होडीवर चढतात. क्रेन असलेली सपाट होडी ती कालव्यातून किंवा खाडीतून बागेच्या धक्क्यापर्यंत आणते आणि तिथून खडीच्या वाटेवर हातगाडी. म्हणजे खोक्याचं माप कंटेनरवर ठरत नाही, ते होडीच्या क्रेनची ताकद, दालनाचा दरवाजा आणि वर चढायची वाट यांवर ठरतं. ज्याच्याकडे कायमचं दालन आहे, त्याच्याकडे ही मापं कागदावर असतात. ज्याच्याकडे नाही, तो दर वेळी नव्याने शिकतो, आणि बहुधा उद्घाटनाच्या आठ दिवस आधी शिकतो. मग खोकं बाहेर उघडून काम सुटं करून आत न्यायचं, एप्रिलचा पाऊस आला की ताडपत्री शोधायची, असे प्रकार होतात.

वीज ही दुसरी गोष्ट. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्ट, इटलीत 230. ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं असं वाटतं, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. पूर्व जपानात 50 हर्ट्‌झ आहे, ओसाका-क्योटोच्या बाजूला 60. इटलीत 50. वारंवारतेवर चालणारी एसी मोटर 60 वर जुळवून आणली तर व्हेनिसमध्ये ती सुमारे 17 टक्के मंद फिरते आणि जास्त तापते. हलत्या शिल्पाची लय बिघडते आणि कलावंताला वाटतं प्रवासात काहीतरी मोडलं. मोटरवरची पट्टी निघण्याआधी वाचली असती तर हे घडलं नसतं. डीसी मोटर आणि 100 ते 240 व्होल्ट घेणारे अडॅप्टर वापरले तर प्रश्नच येत नाही.

तिसरी गोष्ट काळाची. 2024 ची बिएनाले 20 एप्रिल ते 24 नोव्हेंबर चालली. बहुतेक सोमवारची सुट्टी वगळली तर साधारण 190 दिवस, रोज आठ तास, म्हणजे जवळपास 1,500 तास. गॅलरीत तीन आठवडे छान चालणारं यंत्र इतके तास चालेलच असं नाही. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरचा दिवा दोन-तीन हजार तासांचा असतो. तो कागदावर पुरतो, पण जुलै-ऑगस्टच्या दमट उन्हाळ्यात आणि धुळीत त्याचा उजेड त्याआधीच मरतो. पट्टे सैल होतात, सेन्सरवर धूळ बसते, कागद दमटपणाने फुगतो. म्हणून प्रत्येक फिरत्या भागाचे दोन सुटे नग, जोडणीचा आराखडा आणि रोज सकाळी दालन उघडणाऱ्या स्थानिक माणसासाठी इटालियनमध्ये लिहिलेली एक पानाची कृती, ही तयारी कलाकृतीइतकीच महत्त्वाची आहे. कलावंत मेमध्ये घरी परततो. नोव्हेंबरपर्यंत काम जिवंत ठेवतो तो कळ दाबणारा माणूस.

आणि पाणी. 12 नोव्हेंबर 2019 च्या रात्री व्हेनिसमध्ये 187 सेंटिमीटरची भरती आली. खांबांवर उचललेल्या सभागृहाला अशा वेळी इमारतीची उंची वाचवते, पण खालच्या मोकळ्या जागेत ठेवलेले पंप आणि नियंत्रण-पेट्या वाचतीलच असं नाही. खाडीच्या तोंडावरचे अडसर 2020 च्या शरद ऋतूपासून वापरात आले तेव्हापासून धोका घटला आहे, तरी जमिनीलगतचा विजेचा जोड वर उचलून बांधायची सवय सोडू नये.

हे सगळं ज्ञान एका संस्थेत साठावं लागतं. जपानमध्ये ती संस्था आहे जपान फाउंडेशन. 1972 मध्ये ती स्थापन झाली आणि 1976 पासून दालनाची जबाबदारी तिच्याकडे आहे. सरकारं बदलली, येन वर-खाली झाला, क्युरेटर प्रत्येक वेळी नवा आला, पण दालन उघडलं. 2014 मध्ये वास्तुकार तोयो इतो यांच्या देखरेखीखाली इमारतीची मोठी दुरुस्ती झाली. बागेची जमीन व्हेनिस शहराची, पण इमारत सांभाळायची त्या-त्या देशाने, ही तिथली व्यवस्था आहे. एक वर्ष कला आणि एक वर्ष वास्तुकला असं बिएनालेचं चक्र चालतं, त्यामुळे हे घर कधीच फार काळ रिकामं नसतं.

या सलगतेचा सुंदर दाखला 2012-13 चा आहे. 2011 च्या त्सुनामीनंतर तोयो इतो आणि तरुण वास्तुकारांनी रिकुझेनताकातामध्ये बेघर झालेल्यांसाठी एकत्र बसायचं घर उभारायचा प्रकल्प घेतला आणि 2012 च्या वास्तुकला बिएनालेत तो मांडला. जपानच्या दालनाला सुवर्णसिंह, म्हणजे बिएनालेचा सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. पुढच्या वर्षी कलेची पाळी आली तेव्हा कोकी तानाका यांनी आधीच्या प्रदर्शनाचं सामान हलवून टाकलं नाही. त्यातलं लाकूड तसंच ठेवून त्यावर आपली मांडणी बेतली. नऊ केशकर्तनकार मिळून एकाच मुलीचे केस कापतात, पाच पियानोवादक एकच पियानो वाजवतात, पाच कुंभार मिळून एकच भांडं घडवतात. कुणी कुणाला हुकूम देत नाही, सगळे अडखळतात आणि काहीतरी घडतं. संकटानंतर एकत्र कसं राहायचं, याचं यापेक्षा प्रामाणिक उत्तर त्या वर्षी बागेत नव्हतं. त्याला परीक्षकांची विशेष दाद मिळाली. भाड्याच्या वाड्यात हे शक्य नव्हतं, तिथे आदल्या वर्षीचं लाकूड उरलेलंच नसतं.

सरकारी पैशाने उभं राहिलेलं दालन सरकारी जाहिरात करतं, हा आक्षेप अनेक देशांबाबत बरोबर आहे. जपानच्या बाबतीत मात्र 2007 आठवावं. मासाओ ओकाबे यांनी हिरोशिमातल्या उजिना स्थानकाच्या फलाटाच्या दगडांवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसे घेतले आणि त्या ठशांनी दालन भरलं. ते दगड अणुबॉम्ब झेललेले आहेत. पण उजिना हे लष्करी बंदर होतं. जपानी सैन्य आशियात लढायला तिथूनच जहाजात चढत असे. म्हणजे एकाच दगडात जखम आणि अपराध दोन्ही. स्वतःच्या देशाच्या घरात, देशाच्या खर्चाने हे दाखवता येणं, यासाठी संस्थेने कलावंताच्या मागे उभं राहावं लागतं.

पासपोर्टच्या प्रश्नावर जपानचा प्रवास शिकण्यासारखा आहे, आणि तो निष्कलंक नाही. 1966 मध्ये यायोई कुसामा यांना दालनात जागा नव्हती. त्यांनी बाहेर हिरवळीवर 1,500 चकचकीत गोळे मांडले आणि किमोनो घालून एकेक गोळा 1,200 लिराला विकायला सुरुवात केली. आयोजकांनी विक्री थांबवली. त्याच कुसामांना 1993 मध्ये जपानने संपूर्ण दालन दिलं. एका कलावंताला अख्खं दालन देण्याची ही पहिलीच वेळ. मधली सत्तावीस वर्षं हा त्या काळच्या निवड-मंडळांवरचा ठपका आहे. 1956 मध्ये शिको मुनाकातांच्या काष्ठठशांना मुद्राचित्रणाचं मोठं पारितोषिक मिळालं होतं, आणि जपानी म्हणजे काय याची युरोपची कल्पना तिथेच थिजली असती तरी नवल नव्हतं. 1993 च्या दालनातल्या कुसामांच्या ठिपक्यांच्या भोपळ्यांनी ती मोडली.

1995 मध्ये शेजारी कोरियाचं दालन पहिल्यांदा उघडलं. त्याच वर्षी जपानच्या दालनातल्या चार कलावंतांपैकी एक होत्या सोलमध्ये जन्मलेल्या आणि टोकियोत स्थायिक झालेल्या चोइ जे-उन. या दोन देशांमधला इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना या निवडीचं वजन कळेल. 2015 मध्ये 50,000 हून जास्त किल्ल्या लाल धाग्यांनी छताला टांगणाऱ्या चिहारू शिओता तेव्हा कित्येक वर्षं बर्लिनमध्ये राहत होत्या. 2024 मध्ये कलावंत युको मोहरी यांनी क्युरेटर म्हणून कोरियात जन्मलेल्या सुक-क्युंग ली यांना बोलावलं आणि परदेशी क्युरेटरकडे हे दालन पहिल्यांदाच गेलं. 2026 साठी निवड झाली ती लॉस एंजेलिसला राहणाऱ्या एइ आराकावा-नॅश यांची. पाटीवर जपान, आत ज्याला या घराशी काही बोलायचं आहे तो, असं हे होत आलं आहे.

मोहरी यांचं काम जवळून पाहण्यासारखं होतं. टोकियोच्या भुयारी स्थानकांत छत गळायला लागलं की कर्मचारी प्लास्टिकचा कागद, नळी, कापलेली बाटली, बादली असं हाताला लागेल ते जोडून पाणी वळवतात. त्या जुगाडांचे फोटो मोहरी 2009 पासून काढत आहेत. दालनात त्यांनी मुद्दाम गळती लावली आणि छत्र्या, नळ्या, घरगुती भांडी यांनी ती अडवली. पाणी पंपाने वर जाई, थेंब पडे, त्याच्या जोराने काहीतरी हले, कुठेतरी नाद होई. दुसऱ्या कामात फळांमध्ये इलेक्ट्रोड खोचलेले होते. फळातला ओलावा बदलतो तसा विजेला होणारा रोध बदलतो, तो संकेत आवाजात आणि दिव्याच्या उजेडात उतरतो. कापलेलं कलिंगड आणि सालीतलं संत्रं एकाच वेगाने सडत नाहीत, म्हणून सूर रोज वेगळा. सडलेली फळं कंपोस्टमध्ये जात आणि नवी जवळच्या दुकानातून येत. बरंचसं सामान व्हेनिसमध्येच मिळवलेलं. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली होती आणि आशियातून युरोपला येणारा माल दहा ते चौदा दिवस उशिरा पोचत होता. अशा वर्षी हाताशी मिळेल ते वापरणारं काम ही व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणी निवड होती.

आणि पैशांच्या दृष्टीनेही. 2020 च्या सुरुवातीला एक युरो साधारण 120 येनला मिळत होता, 2024 च्या उन्हाळ्यात 170 च्या आसपास. एक कोटी येनचे 2020 मध्ये 83 हजार युरो झाले असते, 2024 मध्ये जेमतेम 59 हजार. होडी, सुतार, इलेक्ट्रिशियन, राखणदार यांचे पैसे युरोतच द्यावे लागतात. खर्चाची मर्यादा येनमध्ये ठरवून कलावंताला उरलेले पैसे तुम्हीच उभे करा असं सांगितलं, तर दालन त्यांनाच मिळेल ज्यांच्यामागे मोठी गॅलरी आहे. जपानने हे टाळायला हवं. प्रदर्शनाचा खर्च युरोत ठरवावा.

आता भारताकडे. इथे मन खट्टू होतं. 2011 मध्ये मुंबईचे रणजित होस्कोटे यांनी आर्सेनालेत भारताचं दालन उभारलं, विचारपूर्वक आणि सुरेख. पाठीशी ललित कला अकादमी होती. 2013 मध्ये दालन नाही. 2015, 2017, नाही. 2019 मध्ये रुबिना करोडे यांनी गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने दालन केलं. नंदलाल बोसांची हरिपुरा चित्रं, जितिश कल्लाट यांनी धुक्याच्या पडद्यावर पाडलेलं गांधींचं हिटलरला लिहिलेलं पत्र आणि मुंबईच्या शकुंतला कुलकर्णी यांची वेताची चिलखतं तिथे होती. बाईचं शरीर जपणारं आणि कोंडणारं अशी दोन्ही असलेली ती चिलखतं बागेतल्या कुठल्याही दालनात मानाने उभी राहिली असती. मग पुन्हा 2022 आणि 2024 रिकामी. 2026 साठी संस्कृती मंत्रालयाने पुन्हा दालन जाहीर केलं. सोबत मुंबईचं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर आणि पणजीत कला महोत्सव भरवणारी सेरेंडिपिटी आर्ट्स.

कलावंतांची कमतरता इथे कधीच नव्हती. कमतरता आहे ती आदल्या वेळची मापं कुठल्या कपाटात आहेत हे ठाऊक असणाऱ्या कार्यालयाची. बागेत जमीन मिळो न मिळो, आर्सेनालेतली एकच जागा सलग पाच बिएनालेंसाठी, म्हणजे दहा वर्षांसाठी ठरवून घेता येते का, हे पाहावं. क्युरेटर आणि कलावंत निदान दीड वर्ष आधी निवडावेत, कारण चार महिन्यांत निवड झाली की काम विमानाने पाठवावं लागतं आणि भाड्यात अर्धं अंदाजपत्रक जाण्याची भीती असते. एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: आपली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ. आपल्या मोटरी तिथे बिघडणार नाहीत.

प्रदर्शन संपल्यावर काम घरी आणून दाखवायचं, हेही जपानकडून घ्यावं. 2019 आणि 2022 च्या जपानी दालनांतली कामं टोकियोच्या आर्टिझोन संग्रहालयात पुन्हा मांडली गेली. ते संग्रहालय इशिबाशी फाउंडेशनचं आहे, म्हणजे ज्या घराण्याने 1956 मध्ये दालनाला पैसे दिले, त्याच घराण्याचं. ज्यांच्या करातून दालन होतं, त्यातल्या बहुतेकांना व्हेनिसचं तिकीट परवडत नाही. मुंबईत कावसजी जहांगीर सभागृहातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय 1996 पासून उघडं आहे. 2026 च्या दालनातली कामं डिसेंबरमध्ये होडीवर चढतील, तेव्हा खोक्यांवर परतीचा पत्ता म्हणून त्या सभागृहाचं नाव लिहायला हवं, आणि त्यासाठी तिथल्या तारखा आताच राखून ठेवायला हव्यात.